नरसिंग गुरुजींचा खुलासा

मास्तर लोकांना काही शिकवायचं तर एकेकट्याला गाठावं. एकटा मास्तर म्हणजे गरीब गाय. पण आसपासच्या शाळांचं जे केंद्र असतं, त्यातले सगळे मास्तर एका खोलीत बसवा, की शेवटच्या बाकावरचं द्वाड पोरगं प्रत्येकाच्या अंगात संचारतं. हुमेराला हे ठाऊक नव्हतं असं नाही, ती स्वतः मास्तरीणच की. पण केंद्रप्रमुख देविदास सरांनी महिन्याच्या शिक्षण परिषदेत, भर सभेत जाहीर करून टाकलं, "आपल्या हुमेरा मॅडम सगळ्यांचे ब्लॉग सुरू करून देतील," अन् टाळ्या पडल्या. पडलेल्या टाळ्यांना नाही कसं म्हणायचं?

तिचं नाव पुढं येण्याचं कारणही होतं. हट्टा गावाच्या अलीकडच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत ती पहिलीला शिकवायची, अन् तिचा स्वतःचा एक ब्लॉग होता. आज वर्गात काय केलं, काय जमलं, काय साफ फसलं, ते ती तिथं लिहायची. पोरांना त्यातल्या गोष्टी मोबाईलवर वाचून दाखवायची, त्यांची चित्रं टाकायची. देविदास सरांनी तो पाहिला अन् माणूस खूश झाला. एकानं दुसऱ्याचं वाचावं, दुसऱ्यानं तिसऱ्याला विचारावं, मास्तरांनी मास्तरांकडून शिकावं, असं त्यांच्या मनात होतं. मनात चांगलंच होतं, पण कागदावर येताना त्याचं झालं, 'सर्व शिक्षकांनी ब्लॉग तयार करून लिंक पाठवावी.'

झालं. लिंक पाठवायची म्हटल्यावर मास्तर पेटले.

"मॅडम, पासवर्ड काय टाकू?" माणिकराव सरांनी विचारलं. मिशा अशा, की पहिलीची पोरं त्यांना बघूनच पाढे म्हणायची.

"तो कोणाला सांगायचा नसतो सर. तुमचा तुमीच ठेवायचा."

"कोनालाच न्हाई सांगायचा? मग ध्यानात कोन ठेवील?"

त्यांनी तो शाळेच्या कपाटावर खडूनं लिहून ठेवला. एका बाईंचा ओटीपी पुण्याला लेकाच्या फोनवर जायचा, अन् लेक झोपलेला असायचा. पण हुमेरा चिवट. कोणाच्या घरी जाऊन, कोणाला परिषदेत चहाच्या वेळी गाठून, तिनं सगळ्यांचे ब्लॉग उभे केले. कसं लिहायचं ते कळावं म्हणून एक नमुना ग्रुपवर टाकला. वजाबाकीचा हातचा शिकवताना तिची कशी फजिती झाली, त्याचा.

आठवडाभरात सगळ्यांच्या लिंका आल्या. हुमेरा कौतुकानं एकेक उघडून बघायला लागली, अन् कपाळावर हात मारून घेतला. सगळ्यांच्या ब्लॉगवर तोच नमुना! अक्षर न् अक्षर तेच. माणिकराव सर, मिशांसकट, लिहीत होते, 'गडबडीत माझी ओढणी खडूनं माखली आणि मुली हसू लागल्या.' अन् त्याच्या खाली केंद्रातल्या झाडून सगळ्यांच्या कमेंटा, 'खूप छान सर', 'अप्रतिम', 'अभिनंदन', अन् गुलाबाची फुलंच फुलं. ओढणी कोणालाच दिसली नव्हती.

हसू आलं तिला. पण मागून वाईटही वाटलं, कारण हा ब्लॉगचा खटाटोप तिनं काही नुसत्या टाळ्यांसाठी अंगावर घेतला नव्हता. तिच्या वर्गात एक वैष्णवी होती.

वैष्णवी शाळेत बोलत नव्हती. जूनला आली, पोळा झाला, दिवाळी झाली, लेकरानं तोंड उघडलं नाही. लिहायची, चित्रं काढायची, हसायचीही, तोंडावर हात धरून. डॉक्टरांनी कान तपासले, जीभ तपासली, सगळं बराबर. घरी तर पोपटासारखी बोलते, असं तिची आई निता सांगायची. पण शाळेच्या फाटकातून आत आली, की कुलूप. हजेरीत तिचं नाव आलं की अख्खा वर्ग ओरडायचा, "मॅडम, आलीय! ती बोलत न्हाई!" हळूहळू पोरं तिला मुकी म्हणायला लागली. मग पोरांच्या आयाही. अन् एक दिवस भाजीवालीनं विचारलं, "ह्यी मुकीच का ती?" तेव्हा हुमेरा धास्तावली. गावानं एकदा नाव ठेवलं की ते जन्माला चिकटतं. वैष्णवी बोलायच्या आधी 'मुकी' पक्की झाली, तर पुढं बोलून तरी काय उपयोग?

हुमेराला ही धास्ती कुठून आली, तर घरातूनच. तिचा धाकटा भाऊ अय्याज लहानपणी असाच होता. शाळेत मुका. वस्तीतली पोरं त्याला गूंगा म्हणायची. आज त्याचं औंढ्याला, देवळाच्या रस्त्यावर बांगड्यांचं दुकान आहे, अन् तो इतका बोलतो, की गिऱ्हाईक बांगड्या घेतं ते सुटका व्हावी म्हणून. हा मुका पोपट बोलता कोणी केला? नरसिंग गुरुजींनी. कसा केला?

"क्या मालूम," हुमेराची आई खतीजाबी म्हणायची. "गुरुजी बोलता करे उसकू. कैसा करे, अल्ला जाने."

खुद्द अय्याजला काही आठवत नव्हतं. अन् तिचे अब्बा खाजा मिया भांड्यांना कल्हई करत गावोगाव हिंडायचे, त्यांना घरातलंच ठाऊक नसे, तर शाळेतलं कुठून असणार?

नरसिंग गुरुजी आता शेजारच्याच गावात होते, याच केंद्रात, अन् मे महिन्याअखेर निवृत्त होणार होते. हुमेरानं त्यांना दोनदा विचारलं होतं.

"काय करतो लेकरा? बोललं की आपोआप. वेळ आली की बोलतंय लेकरू," एवढंच.

लपवत होते का? छे! त्या माणसाला लपवता येत नाही. त्यांना खरंच वाटायचं की आपण काही केलं नाही. हेच तर हुमेराचं दुखणं होतं. एवढं मोठं काम केलेला माणूस मे महिन्यात हार घालून घरी जाणार, अन् त्याच्याबरोबर ते कसब जाणार, अन् इकडं वैष्णवी मुकी ती मुकीच राहणार.

तिनं तिच्या ब्लॉगवरही विचारून पाहिलं. 'माझ्या वर्गातलं एक लेकरू बोलत नाही. मी हरले आहे. कोणी सांगेल का, काय करू?' खाली धडाधड कमेंटा आल्या. 'खूप छान मॅडम.' 'स्तुत्य उपक्रम.' 'हार्दिक अभिनंदन.' त्या गुलाबांकडं बघून हुमेराला रडावं की हसावं ते कळेना.

गुरुजींच्या ब्लॉगची गत वेगळीच. नमुना उतरवून घेणाऱ्यांतले ते नव्हते, स्वतः लिहायचे. पण बोलताना मधासारखी वाणी असलेला हा माणूस लिहायला बसला की त्याच्यात तालुक्याचं ऑफिस शिरायचं. 'आनंददायी वातावरणात अध्यापन करण्यात आले. अध्ययन निष्पत्ती साध्य झाली.' जन्मभर रोजच्या पाठाचं टाचण लिहिलं ते साहेबांनी सही करावी म्हणून. आपलं लिहिलेलं कोणी शिकण्यासाठी वाचेल, हे त्यांच्या गावीच नव्हतं.

आणि जानेवारीत त्यांनी तीन ओळींची एक पोस्ट टाकली. 'पूर्वी एक अबोल विद्यार्थी माझ्या वर्गात होता. योग्य ते प्रयत्न करण्यात आले. विद्यार्थी बोलू लागला.'

हुमेरा ताडकन उठून बसली. अय्याज! योग्य ते प्रयत्न म्हणजे कोणते, बाबा? तिनं तिथंच खाली कमेंट टाकली. चारचौघांत लिहायचं, गुरुजींचा मान राखायचा, म्हणून जरा अदबीनं लिहिलं, 'गुरुजी, योग्य ते प्रयत्न म्हणजे नेमके काय केले? कृपया सविस्तर लिहावे.' त्याखाली देविदास सरांनी उत्साहानं भर घातली, 'सहमत. सविस्तर माहिती अपेक्षित आहे.'

आता ज्यानं सरकारी नोकरी केली नाही त्याला यात काय दिसेल? काही नाही. पण मास्तराला 'नेमके काय केले, सविस्तर लिहावे' असं लेखी आलं, अन् त्याखाली साहेबाची सहमती आली, तर त्याला एकच गोष्ट दिसते. खुलासा मागवलाय!

रविवारी सकाळी मिराबाई काकूंचा, म्हणजे गुरुजींच्या बायकोचा, फोन आला.

"हुमेरा, काय केलंस गं बाई? तीन दिस झाले, ह्यांना घास गोड लागंना. म्हनून राहिलेत, रिटायर व्हायच्या टायमाला जुनं परकरन उकरून काढलं. पेन्शन अडकती म्हनून राहिलेत."

"काकू, कोणतं प्रकरण?"

"मला काय ठावं? तू ये बाई अगुदर."

ज्या माणसाच्या पायाशी बसून शिकायचं, त्यालाच आपण घाबरवून सोडलं! तिनं दुपट्टा ओढला अन् अय्याजला म्हणाली, "चल, गाडी काढ." तो रविवारचं दुकान उशिरा उघडायचा. वाटेत हळदीचे ढीग लागले, शिजत्या हळदीचा वास लागला, अन् अय्याज हळदीचा भाव, गाडीचं टायर, दुबईला गेलेला साजीद मामू, सगळ्यावर बोलत राहिला. हुमेराला मात्र एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

गुरुजी अंगणात बाजेवर बसले होते. दाढी वाढलेली. हुमेराच्या मागून अय्याज उतरलेला बघितला अन् त्यांचा चेहरा पडला.

"साक्षीदारबी आनला का?"

"गुरुजी, कसला साक्षीदार? मी तर..."

"असू द्या. मी काल सांच्यालाच सादर केलाय खुलासा. खरं ते लिहिलं. आता जे व्हायचं ते व्हईल."

"सादर केला? कुठं?"

"ब्लॉगवर. जिथं मागितला तिथंच देणार ना?"

हुमेरा बाजेच्या कडेला टेकली. मोबाईल उघडला. मिराबाई म्हणाल्या, "मोठ्यानं वाच बाई. मलाबी कळू दे, काय गुन्हा केलाय ह्यांनी." म्हणून ती मोठ्यानं वाचायला लागली.

'प्रति, मा. सर्व वाचक. विषय : अबोल विद्यार्थ्याबाबत सविस्तर खुलासा.

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, सदर विद्यार्थी घरी दखनी बोलत असे व वर्गात काहीच बोलत नसे. त्याला काही विचारले की इतर पोरेच सांगत, "गुरुजी, हा बोलत नाही." हे वाक्य मी वर्गात बंद केले. त्यासाठी वरिष्ठांची परवानगी घेतलेली नाही.

दुसरे असे की, सदर विद्यार्थ्यास कोणताही प्रश्न विचारणे मी थांबवले. मधल्या सुट्टीत मी चिंचोके घेऊन लिंबाखाली त्याच्याजवळ बसे व आपले आपण मोठ्याने मोजत असे. मोजताना सात हा अंक मी मुद्दाम गाळत असे. सहानंतर आठ. विद्यार्थी माझ्याकडे बघे. मी त्याच्याकडे बघत नसे. असे बरेच दिवस चालले.

या प्रकारामुळे जवळ खेळणारी काही पोरेही सहानंतर आठ म्हणू लागली. त्याच सुमारास तपासणीस आलेल्या साहेबांच्या ते निदर्शनास आले व मला खुलासा विचारण्यात आला. तेव्हा मी "नजरचूक झाली" असे लिहून दिले. ते खरे नव्हते. नजर बराबर होती.

पुढे एके दिवशी मी सहानंतर आठ म्हणताच विद्यार्थ्याने माझा हात धरला व "सात" असे म्हटले. सात हा शब्द त्याच्या घरी व माझ्या घरी एकच आहे, म्हणून तो निवडला होता. मी म्हटले, "आरं व्हय की, राहूनच गेलं." यावर तो हसला. त्याने चिंचोके माझ्याकडून काढून घेतले, स्वतः मोजून दाखवले, व "तुमकू आता नै क्या, गुरुजी?" असे, म्हणजे तुम्हाला येत नाही काय, असे विचारले. मी "नै आता" असे उत्तर दिले. त्यानंतर महिनाभर तो मला मोजणे शिकवत होता.

सबब, मी विद्यार्थ्याला बोलता केला असे जे सगळीकडे म्हटले जाते ते बरोबर नाही. मी फक्त चुकलो. तरी सदर चूक माफ व्हावी, ही विनंती.'

मिराबाईंनी पदर डोळ्याला लावला. अन् अय्याज? जो पोरगा झोपेतही बोलतो असं त्याची अम्मी सांगते, तो गप्प. एकदम गप्प. उंबऱ्याकडं बघत उभा. मग तो पुढं आला, बाजेवर गुरुजींच्या शेजारी बसला, अन् त्यांचा हात धरला.

"मेरेकू याद नै गुरुजी," तो म्हणाला. "कुछ बी याद नै."

"बरं झालं की," गुरुजी म्हणाले. "लेकराला तकलीफ ध्यानात ऱ्हाऊ ने."

मग हुमेरानं त्यांना समजावलं, की हा खुलासा नव्हता, कोणी फाईल उघडली नाही, पेन्शन कुठंही अडकत नाही. तिला फक्त शिकायचं होतं. अन् तिनं वैष्णवीचं सगळं सांगितलं, हजेरीपासून भाजीवालीपर्यंत. गुरुजी ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या अंगात जीव आला, अन् जीव आला तसा रागही आला.

"म्हंजे खुलासा नव्हताच? मग एवढं खरं काहून लिहायला लावलं मला? पूस ते आदुगर!"

"खबरदार पुसाल तर!" मिराबाई कडाडल्या. "जन्मभर त्या वह्यांत 'आनंददायी, आनंददायी' लिहून राहिले. एवढं एक वाचण्याजोगं लिहिलं, ते पुसता व्हय?"

तेवढ्यात हुमेरानं खाली कमेंटा पाहिल्या. एकही गुलाब नव्हता. कोणी लिहिलं होतं, 'सर, मीही असंच एक लेकरू शाळेतून गमावलं आहे, तेव्हा हे माहीत असतं तर.' अन् माणिकराव सरांनी, ओढणीवाल्या माणिकराव सरांनी, स्वतःच्या भाषेत पहिल्यांदाच लिहिलं होतं, 'गुरुजी माझ्याकडं बी एक पोरगं हाय. उद्या फोन करू का.' तिनं ते वाचून दाखवलं. गुरुजींनी मोबाईल मागून घेतला अन् ते पुन्हा स्वतः वाचलं.

चहा झाल्यावर म्हणाले, "एक गोष्ट सांगू लेकरा? तू ह्या पोरीसाठी इचारलंस ना. ध्यानात ठेव. तुझा सवाल वाचला अन् माझी वाचाच बसली. नेमकं काय केलं, म्हनलं की डोकं कोरं. मला सगळं ठावं होतं, पन कोनी मागितलं की जीभ उचलंना. तवा मला कळलं, त्या वक्ती मी ह्याला सवाल इचारायचं काहून सोडलं होतं. आपन लेकराला रोज खुलासाच मागतो की! बोल, सांग, हुबं ऱ्हा, उत्तर दे. त्ये भेतं."

"मग मी पण सात सोडू का, गुरुजी?"

"न्हाई न्हाई. सात ह्याचं होतं. अब्बाच्या मागं कल्हईची भांडी मोजायचा, मोजन्यातली चूक त्याला खपायची न्हाई. तुझ्या लेकराला काय खपत न्हाई, ते हुडक. अन् तिथं चूक."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर हुमेरा वैष्णवीच्या घरी गेली. पण आत गेली नाही. गोठ्याच्या आडोशाला निता धुणं वाळत घालत होती, तिनं ओठावर बोट ठेवून पलीकडं दाखवलं. तिकडं वैष्णवी शाळा भरवून बसली होती. हातात काडी, अन् समोर एक पांढरं करडू, गळ्यात लाल चिंधी.

"बुगडी, इकडं बघ. बे एके बे. बोल." करडानं पाला चावला. वैष्णवीनं मान हलवली, अन् कोणाला तरी सांगावं तसं म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तिला सगळं येतंय. नुस्तं बोलत न्हाई."

हुमेरा मागच्या मागं निघून आली. रस्त्यात गाडी उभी करून तिनं डोळे पुसले. लेकराच्या मनात काय आहे, ते आख्ख्या वर्षात तिला कोणी एवढं उघड सांगितलं नव्हतं.

वर्गात मग 'ती बोलत न्हाई' हे वाक्य बंद झालं. हजेरीला वैष्णवी नुसता हात वर करायची, अन् हुमेरा पुढच्या नावाकडं जायची. मधल्या सुट्टीत खिचडीची ताटं वाटून झाली की ती वैष्णवीच्या शेजारी बसायची, अन् काहीही न विचारता, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणायची, "आज ते तुमचं करडू, ती झुंबर, लई उड्या मारत होती, मी येताना बघितली." वैष्णवीचा घास थांबायचा. कपाळावर आठी. दुसऱ्या दिवशी, "त्या बाहुलीच्या गळ्यातली चिंधी सैल झालीय वाटतं." आठी आणखी खोल. कधी बिजली, कधी चिमणी. एकदा तर ती त्या करडाला म्हैस म्हणाली, अन् वैष्णवीनं तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की हुमेराला स्वतःच्या नोकरीची काळजी वाटली.

पण शब्द? शब्द नाही. गुरुजींना बरेच दिवस लागले होते, हे ठाऊक असूनही तिचा धीर सुटला. एका दुपारी तोंडून निघूनच गेलं, "काय गं नाव तिचं? सांग की एकदा." झालं! वैष्णवी अशी मिटली, की पुढचे कित्येक दिवस हुमेरा शेजारी बसली की सरकून बसायची. हुमेरानं स्वतःला शिव्या घातल्या. मागितलाच शेवटी खुलासा! पुन्हा पहिल्यापासून. झुंबर, बाहुली, बिजली.

होळी झाली. उन्हं चढली. सकाळची शाळा सुरू व्हायला आली होती. त्या दिवशी खिचडीत वाटाणे होते म्हणून पोरं खुशीत होती. हुमेरा बसली अन् घास घेता घेता म्हणाली, "झुंबर काल रात्री लई ओरडली म्हणं."

ताट खाली ठेवल्याचा आवाज आला.

"झुंबर न्हाई! बुगडी हाय ती. बुगडी! किती दिस झाले, तुमाला काहून ध्यानात ऱ्हात न्हाई, मॅडम?"

व्हरांड्यातल्या सगळ्या माना वळल्या. एक पोरगी तोंड उघडून म्हणायला लागली, "मॅडम, ही तर..." हुमेरानं ओठावर बोट ठेवलं, तिचं तोंड मिटलं.

"आगं व्हय की," हुमेरा म्हणाली. "राहूनच गेलं बघ."

"रोजच ऱ्हातं तुमचं," वैष्णवी म्हणाली. अन् मग, बाईला कधी जमेल असं काही दिसत नाही म्हणून, तिनं एकेक अक्षर तोडून शिकवलं, "बु. ग. डी. म्हना."

"बुगडी," हुमेरा म्हणाली.

"आता बराबर," वैष्णवी म्हणाली, अन् खिचडी खायला लागली. बाकीची पोरंही खायला लागली. हुमेरा पाणी आणायच्या निमित्तानं टाकीमागं गेली अन् दुपट्ट्यात तोंड खुपसून मनसोक्त रडली. खिचडी शिजवणारी बाई धावत आली, काय झालं, काय झालं. "काही न्हाई मावशी," हुमेरा हसत रडत म्हणाली, "मला पोरीनं रागावलं."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. फाटकावर भाजीवाली भेटली. "मुकी बोलली म्हणं?" तिनं विचारलं. पुढं चाललेली वैष्णवी गर्रकन वळली अन् म्हणाली, "मी वैष्णवी हाय." भाजीवालीनं मूठभर बोरं तिच्या ओच्यात टाकली अन् म्हणाली, "व्हय गं माय, वैष्णवी."

घरी आल्या आल्या हुमेरा ब्लॉग लिहायला बसली. पोरीचं नाव बदललं, करडाचंही बदललं. बाकी सगळं लिहिलं. आपण कुठं धीर सोडला, प्रश्न विचारून कसं बिघडवलं, तेही लिहिलं. वर मथळा दिला, 'खुलासा'. खाली लिहिलं, 'मी फक्त चुकले. तरी वाचून मान्य व्हावा, ही विनंती.'

पहिली कमेंट नरसिंग गुरुजींची आली. आयुष्यभर त्यांना वरून जे कागद आले, त्या सगळ्यांच्या शेवटी एकच ओळ असायची. तीच ओळ त्यांनी आपल्या हातानं, जरा दुरुस्त करून लिहिली होती.

'आपला खुलासा समाधानकारक असल्याने मान्य करण्यात येत आहे. यापुढेही अशीच चूक होत राहील, याची दक्षता घ्यावी.'